कव्हरवरचं नाव

बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पाहिलंच नाही, माझी ट्रंक पाहिली. चिखल्याच्या शाळेवर नेमणूक झालेला मी नवाकोरा मास्तर. खाणीच्या कॉलनीबाहेर शकूच्या मायकडे एक खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून दारात जाऊन उभा राहिलो होतो. बाई बाहेर आल्या, ट्रंकेची कडी धरून ती वीतभर उचलली, क्षणभर तशीच तोलून धरली आणि खाली ठेवली.

"पुस्तकं हायेत," त्या म्हणाल्या. "कपडे कमी हायेत. ये अंदर."

झाली चौकशी. गाव, जात, लग्न, काही विचारलं नाही. त्या खोलीत मी पुढे तीन वर्षं राहिलो आणि त्या तीन वर्षांत बाईंनी माझ्या मालकीची बहुतेक प्रत्येक वस्तू कधी ना कधी उचलून पाहिली.

त्यांचा तो धंदाच होता. बाई खाणीवर माल निवडायच्या. खालून वर आलेला दगडांचा ढीग, त्याच्या कडेला बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या हातात हातोडी. मॅंगनीजचा दगड काळा असतो, पण काळे तर भोवतीचे फालतू दगडही असतात. काही तर खऱ्यापेक्षा जास्त चमकतात. फरक कळतो तो हातात घेतल्यावर. खरा माल आकाराच्या मानाने जड लागतो. नव्या बाया दगड उन्हात धरून निरखत बसायच्या. बाई न बघता उचलायच्या आणि न बघता टाकायच्या, हा इकडे, हा तिकडे.

"चमक नोको पाहू, वजन पाह्य," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान आणि ते त्या कुठेही लावायच्या. तुमसरच्या बाजारात वांगं तळहातावर तोलून "बिया हायेत" म्हणून परत ठेवायच्या आणि भाजीवाल्याचा चेहरा पडायचा. कॉलनीत कुणाकडे बाळ झालं की ते आधी बाईंच्या हातात द्यायची पद्धत पडली होती. निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी दारोदार पत्रकं वाटत आला, तर बाईंनी पत्रक तळहातावर ठेवलं, दोनदा झेललं आणि त्याच्या देखत मला म्हणाल्या, "कायी नाही बापा यात." मी त्या काळी कविता करत असे. चाळीस पानी वही भरली होती. एकदा धीर करून ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझा समज होता की मी वाचून दाखवीन आणि त्या ऐकतील. त्यांनी वही उचलली, परत दिली आणि म्हणाल्या, "आनखी लेह. अजून पोचट हाय." मला राग आला होता. आता वाटतं, माझ्या कवितेवर एवढी अचूक टीका पुन्हा कोणी केली नाही.

मला त्या गुरुजी म्हणत आणि लगेच पुढे तू. "गुरुजी, तू जेवला का?" आदर पदाला आणि एकेरी माणसाला, अशी वाटणी त्यांनी करून टाकली होती. नवरा कधीच वारला होता. घरात त्या आणि शाळकरी शकू. गावात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतंच. मोठी माणसं शकूची माय म्हणत, बाकीचे बाई म्हणत. मीही बाईच म्हणत असे.

त्या गातात हे मला महिनाभर माहीत नव्हतं. घरात त्या कधी गुणगुणतसुद्धा नसत. "चुलीजवर गानं करपते," म्हणायच्या. मग जयंतीच्या कार्यक्रमाला विहारापुढच्या मांडवात त्यांना पाहिलं. तुमसरच्या एका शाहिरांची पार्टी होती. हार्मोनियमवर शाहीर, ढोलकी, कोरसला चार पोरं आणि मधोमध पांढऱ्या लुगड्यात बाई. शाहिरांनी सूर दिला. बाई गप्प. शाहिरांनी पुन्हा सूर दिला. बाई डोळे मिटून उभ्या. डाव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली. मांडवात चुळबुळ नाही की हसणं नाही; सगळे शांत बसलेले. मी शेजारच्याला विचारलं, काय झालं, विसरल्या का?

"नाही जी," तो म्हणाला. "गोटा गरम व्हाचा हाय."

त्या मुठीत मॅंगनीजचा दगड असायचा. लिंबाएवढा. तो हाताच्या उबेने तापेपर्यंत बाई तोंड उघडत नसत. उन्हाळ्यात दोन मिनिटं लागत, थंडीत दहा. आमच्या हेडमास्तरांनी एकदा प्रजासत्ताक दिनाला त्यांना बोलावलं आणि तहसीलदारसाहेबांना जानेवारीच्या गारठ्यात उभं राहून दगड गरम होण्याची वाट पाहावी लागली. साहेब वैतागले होते. मग बाई गायल्या आणि साहेब कार्यक्रम संपला तरी जागचे हलले नाहीत.

तो आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. गोड नव्हता. शाळेत गोड गळ्याच्या पोरी असतात तसला तर मुळीच नव्हता. तो खालून वर यायचा आणि वर आल्यावरही खालची माती सोबत असायची. त्यांचं एक गाणं होतं:

काळा दगड फोडता फोडता
हाताले उजेड लागला

या दोन ओळी त्या आठ-आठ वेळा म्हणायच्या आणि आठही वेळा त्यांचा अर्थ थोडा पुढे सरकलेला असायचा. शेवटच्या वेळी समोरच्या बाया आपापल्या हातांकडे बघत असायच्या. माझ्याही अंगावर काटा यायचा. मी तर खडूशिवाय काही फोडलेलं नव्हतं.

गाण्यात एक रीत असते. शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव गुंफलेलं असतं, आणि गाणारा कोणीही असला तरी ते नाव त्याने घ्यायचं. बाई गायच्या ती सगळी गाणी शाहिरांची. तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी, आवाज सगळ्यात वर चढलेला असताना, बाईंच्या तोंडून शाहिरांचं नाव यायचं आणि टाळ्या पडायच्या. एका दुपारी धान पाखडताना त्यांनी सूप थांबवलं.

"गुरुजी, गानं लेहनाऱ्याचं नाव गान्यात येते. गानारीचं कुठी येते?"

तेव्हा शाहिरांच्या कॅसेटची बोलणी चालली होती. नागपूरचा एक कॅसेटवाला तयार झाला होता. मी अगदी मास्तराच्या तोऱ्यात म्हणालो, "गाणारीचं कॅसेटवर येतं, बाई. कव्हरवर छापतात."

"छापतेत?"

"मोठ्या अक्षरात."

सूप पुन्हा सुरू झालं, पण त्याची लय बदलली होती एवढं मला आठवतं.

नागपूरला रेकॉर्डिंगला मी सोबत गेलो. यंत्रावर बसलेल्या माणसाने आधी बांगड्या काढायला लावल्या, त्या बाईंनी निमूट काढल्या. मग तो म्हणाला मुठीतलं काय आहे ते ठेवा. बाई म्हणाल्या, "मंग तूच गा." दगड राहिला. गरम होईपर्यंत तो माणूस कपाळाला हात लावून बसला होता. दिवसभरात आठ गाणी झाली. दोन शाहिरांनी गायली, सहा बाईंनी. शेवटचं गाणं संपलं तेव्हा बाईंनी तो दगड समोरच्या टेबलावर ठेवला. टक्. यंत्र चालूच होतं. तो आवाज तसाच राहिला.

आता कव्हरची गोष्ट. इथपर्यंत मी जे लिहिलं ते लिहायला मला सोपं गेलं.

माझं अक्षर चांगलं होतं. शाळेचे फलक, लग्नपत्रिका, विहाराची पाटी, सगळं माझ्याकडे यायचं. शाहीर एका संध्याकाळी शाळेत आले. म्हणाले, "गुरुजी, कव्हर तुमच्याच हातचं पाह्यजे. तुमचं अक्षर म्हंजे छापल्यावानी."

मी मजकूर लिहून काढला. वर कॅसेटचं नाव, खाली "गीतकार", त्याखाली "गायिका" आणि बाईंचं नाव. ते नाव मला घराच्या कराच्या पावतीवरून कळलं होतं. शाहिरांनी कागद बघितला आणि नकारार्थी मान हलवली. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. ते म्हणाले, "गुरुजी, कॅसेटवाला म्हनते एकच नाव ठेवा, पार्टीचं. बाईचं नाव वर पाह्यलं तं लोकं तमाशाची कॅसेट समजतीन. बाईचीच बदनामी व्हईन. अन जागा बी नाही." मग ते थांबले आणि म्हणाले, "खाली तुमचं टाकू नं. सुलेखन म्हनून. एवढं तं बसते."

माझं नाव तोवर कुठेच छापून आलेलं नव्हतं. कविता साभार परत यायच्या. मी दुसरा कागद घेतला. जागा नव्हती हे खोटं होतं, कारण माझ्या नावाला जागा निघाली. बाईंची बदनामी होईल हेही खोटं होतं. अख्खा तालुका त्यांना मांडवात बसून ऐकत होता. मला दोन्ही कळत होतं. तरी मी सुबक अक्षरात "शाहीर आणि पार्टी" असं लिहिलं आणि तळाशी "सुलेखन" म्हणून स्वतःचं नाव.

कॅसेटी छापून आल्या. शाहिरांनी एक बाईंना पाठवली. त्या कामावरून आल्या, हातपाय धुतले, पदराला हात पुसले आणि कॅसेट घेऊन माझ्या खोलीच्या दारात आल्या. आधी तळहातावर तोलली. "हलकीच हाय गा," म्हणून हसल्या. मग कव्हर माझ्यापुढे धरलं.

"वाचून दाखव."

मी वाचलं. कॅसेटचं नाव वाचलं, गीतकार वाचले. मग मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मी वाचलं, "गायिका," आणि पुढे त्यांचं नाव. कव्हरवर जे कुठेच नव्हतं ते बोट ठेवून वाचलं.

"कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"हे काय, इथे."

मी दाखवलेल्या ओळीवर त्यांनी अंगठा फिरवला. ती ओळ माझ्या नावाची होती. मग कॅसेट घेऊन त्या चुलीकडे गेल्या आणि त्या रात्री शकूला आणि मला गुळाचा भात मिळाला. तो मी खाल्ला.

काही महिने गेले. कॅसेट वाजत होती. लग्नात, पानठेल्यावर, खाणीच्या ट्रकांत. एकदा बाई म्हणाल्या, "गुरुजी, मले माह्यं नाव लेहाले शिकव."

खाणीवर पगाराच्या कागदावर त्या अंगठा देत. मला वाटलं, सहीसाठी असेल. मला फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशीपासून पाटी सुरू. तीनच अक्षरं, पण पहिल्याला काना आणि वर दोन मात्रा. बाईंच्या हातोडी धरलेल्या हाताला मात्रा जमायच्या नाहीत. दोन्ही अशा फाकायच्या की बैलाची शिंगं दिसावीत. मी हात धरून गिरवून घेतलं. पंधरा दिवसांत नाव आलं, शिंगं मात्र कायम राहिली. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं की माझ्या घरमालकिणीला मी साक्षर केलं. खरंच सांगतो, त्या पंधरा दिवसांत कव्हरची मला एकदाही आठवण झाली नाही. इतकं ते मी पुरून टाकलं होतं.

मग एक रविवार आला. मी खोलीच्या दारातून बाहेर पाहिलं. बाई अंगणात जांभळाखाली बसल्या होत्या. मांडीवर पाटी, पाटीवर त्यांचं नाव, आणि हातात कॅसेटचं कव्हर. एक बोट पाटीवरच्या अक्षरावर, दुसरं कव्हरच्या पहिल्या ओळीवर. अक्षराला अक्षर लावून बघत होत्या. एक ओळ झाली की बोट खालच्या ओळीवर. शेवटच्या ओळीवर, माझ्या नावावर, बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

मी आत सरकलो. दिवसभर बाहेर आलो नाही. संध्याकाळी शकू ताट घेऊन आली. भाजी, भाकर, रोजच्यासारखं. बाई त्यावर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. रागावल्या नाहीत, अबोला धरला नाही. फक्त माझ्या वस्तू उचलून पाहणं त्यांनी थांबवलं. मी बाजारातून काही आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं तर त्या म्हणायच्या, "असू दे. ठेव तिथी."

पुढच्याच उन्हाळ्यात मी बदली मागून घेतली. भंडाऱ्याला आलो, लग्न केलं, घर बांधलं, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. चिखल्याला पुन्हा गेलो नाही. शकूचं लग्न होऊन ती कारध्याला आली हे मला माहीत होतं. कारधा म्हणजे काय, वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. सकाळी फिरायला मी पुलाच्या मध्यापर्यंत जायचो आणि तिथून परत फिरायचो. बाई गेल्याचं मला बसस्टँडवर भेटलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं. त्याला वाटलं मला माहीतच असेल. मीही माहीत असल्यासारखी मान हलवली.

गेल्या वर्षी एक फोन आला. पुण्याची एक मुलगी बोलत होती. ती आणि तिचे दोघे मित्र जुन्या, विसरलेल्या कॅसेटी शोधून त्यांच्या मोठ्या तबकड्या काढतात. आता पुन्हा तबकड्या ऐकायची हौस आली आहे म्हणे. तिने आमच्या कॅसेटचं नाव घेतलं. मी खुर्चीत बसलो.

"सर, कव्हरवर अगदी खाली तुमचं नाव आहे, म्हणून तुम्हाला शोधून काढलं. शाहीर आता हयात नाहीत. यातली सहा गाणी एका बाईंनी गायली आहेत. इतका विलक्षण आवाज आम्ही ऐकलेला नाही. पण नाव कुठेच नाही. कोण होत्या या?"

तीन अक्षरं जिभेवर होती. पण त्यांच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता. मग कव्हरवर का नाही, सर? कव्हर तर तुम्हीच लिहिलंय ना?

"फार जुनी गोष्ट झाली," मी म्हणालो. "पार्टीत पुष्कळ बायका होत्या. आठवत नाही."

पार्टीत एकच बाई होती. मुलीने नंतर दोनदा फोन केला, तो मी उचलला नाही. साठी ओलांडलेला माणूस, फोन वाजला की संडासात जाऊन बसायचा. घरच्यांना वाटलं पोट बिघडलंय.

मग या हिवाळ्यात पार्सल आलं. जाड पुठ्ठ्याचं चौकोनी कव्हर, आत काळी तबकडी. सवय नसताना मी ती तळहातांवर घेऊन तोलली. जड होती. कव्हरवर लिहिलं होतं, "गायिका : अज्ञात". आतल्या कागदावर आभाराची यादी होती आणि यादीत पहिलं नाव माझं. माझं नाव पुन्हा एकदा बसलं होतं. त्याखाली त्या मुलांनी लिहिलं होतं की ही कॅसेट त्यांना तीन ठिकाणी सापडली. एक नागपूरच्या जुन्या बाजारात, एक तुमसरच्या बंद पडलेल्या दुकानात, एक गोसीखुर्द धरणामुळे उठून नव्या जागी वसलेल्या गावातल्या एका घरात. योगायोग असा, की तिन्ही कव्हरांवर बॉलपेनने एकाच बाईचं नाव एकाच हाताने लिहिलेलं आहे. बहुधा ती मूळ मालकीण असावी, तिचा संग्रह पुढे विखुरला असावा.

शेजारी तिन्ही कव्हरांचे फोटो होते. "शाहीर आणि पार्टी" या माझ्या सुबक ओळीखाली निळ्या शाईत वाकडंतिकडं नाव. पहिल्या अक्षरावर दोन मात्रा, शिंगांसारख्या फाकलेल्या.

मी त्या मुलीला तेव्हाच फोन लावला. सगळं सांगितलं, कव्हर, वाचून दाखवणं, पाटी, सगळं. म्हटलं, ती मालकीण नाही, तीच गाणारी आहे.

"सर, आम्ही तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. तबकड्या छापून झाल्या होत्या. बऱ्याचशा परदेशी रवाना झाल्या होत्या. दुसऱ्यांदा निघाल्या तर नाव नक्की टाकू, ती म्हणाली. निघतीलच असं नाही, हेही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तबकडी पिशवीत घातली आणि पुलाच्या मध्यावर न थांबता पलीकडे गेलो.

शकू आता स्वतः आजी झाली आहे. अंगणवाडीत काम करते. तिने मला ओळखलं, पाणी दिलं, "मामा, किती वर्सांनी जी," म्हणाली आणि मी पिशवीतून तबकडी काढताच ती दोन्ही हातांवर घेऊन वरखाली केली. तिच्या लक्षातही आलं नाही आपण काय केलं ते.

"जड हाय," ती म्हणाली.

तबकडी वाजवायचं यंत्र तिच्याकडे कुठलं असणार, माझ्याकडेही नव्हतं. मुलांनी गाणी फोनवर पाठवली होती, ती लावली. दारात दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या. सहाही गाणी आम्ही ऐकली. प्रत्येकाच्या शेवटी शाहिरांचं नाव आलं. शेवटचं गाणं संपलं आणि टक् असा आवाज आला.

"आईचा गोटा," शकू म्हणाली आणि खिडकीकडे हनुवटी केली. खिडकीत विजेची बिलं वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड ठेवला होता. लिंबाएवढा, काळा.

मी तिला फोटो दाखवले. ती हसली. "आईचा तं नादच होता तो. बाजारात जाये तं पोलक्यात पेन. कोनाच्या घरी लग्नाले गेली का पयले विचारे, कॅसेट हाय का? आना इकडे. दुकानदारबी आनून देत. मले लाज वाटे. मी म्हनो, आई, काहून लेहत राह्यते सगळ्यायच्या कॅसेटीवर? तं म्हने, छापनाऱ्यानं खाऊन टाकलं माह्यं नाव. गुरुजीनं लेहलं होतं, वाचूनबी दाखवलं होतं. छापनाऱ्यानं खाल्लं."

"असं म्हणायच्या?"

"मरेस्तोवर. कोनी तुमचं नाव काढलं तं म्हने, गुरुजीच्या अक्षरात खोट नाही."

बाईंना माहीत होतं. मी माझ्या हातच्या कागदावरून नाही, छापलेल्या कव्हरवरूनच वाचून दाखवलं होतं, त्यामुळे छापणाऱ्याने खाण्याचा प्रश्नच नव्हता आणि हे दगड न बघता ओळखणाऱ्या बाईंना कळलं नसेल असं मी कसं म्हणू? जांभळाखाली बसून त्यांनी सगळं ताडून पाहिलं होतं. आणि नंतर आयुष्यभर गावोगाव माझ्यासाठी खोटं बोलल्या. मी त्यांच्याशी एकदा खोटं बोललो, त्याच्या बदल्यात.

मला रडू आलं. मी शकूला म्हणालो, "छापणाऱ्याने नाही. मी खाल्लं." आणि जे मुलीला फोनवर सांगितलं होतं ते पुन्हा सांगितलं. फोनवर सोपं होतं. इथे शेजारणी उभ्या होत्या आणि समोर बाईंचा चेहरा घेतलेली शकू होती. माझ्या नावाला जागा कशी निघाली तेही सांगितलं.

शकू उठली. मला वाटलं आता जा म्हणेल. तसं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. ती आत गेली आणि अंगणवाडीच्या पिशवीतून पेन घेऊन आली. तबकडीचं कव्हर माझ्या मांडीवर ठेवलं.

"लेहा," म्हणाली.

कव्हर गुळगुळीत होतं, पेन दोनदा घसरलं. "अज्ञात" हा शब्द मी खोडला आणि शेजारी तीन अक्षरं काढली. पहिल्या अक्षराच्या मात्रा मला सरळ काढायच्या होत्या, पण त्या फाकल्या. शकू वाकून बघत होती. तिला वाचता येतं. अंगणवाडीची सगळी रजिस्टरं तीच लिहिते. तरी ती माझ्यासमोर खाली बसली, हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, "आता वाचून दाखवा, मामा."

मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "गायिका, कौतिका." या खेपेला ते नाव तिथे होतं.